पाईपलाईनवर वेल्डिंग-इन्स्पेक्शनचं काम पाहिजे, एजंट दीड लाख मागतोय, भरू का?

हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो. कधी फोनवर, कधी आयटीआयच्या मेळाव्यात, कधी कुणाच्या मामाबरोबर ऑफिसात. शब्द थोडे इकडंतिकडं पण गाणं एकच, मॅडम कोर्स झालाय, सर्टिफिकेट हातात आहे, तेलाच्या पाईपलाईनवर वेल्डर नाहीतर इन्स्पेक्टर म्हणून लागायचंय, पण जिथं जावं तिथं अनुभव मागतात, आणि एक ओळखीचा माणूस म्हणतोय पैसे भरा, लावून देतो. मी अंबाजोगाईत करिअर समुपदेशन करते, आधी आयटीआयत प्लेसमेंटचं बघायचे, त्यामुळं वेल्डर पोरांचा गोतावळा मोठा आहे. एक केस सांगते, उत्तर त्यातच येईल. नावं सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात.

केज भागातला पोरगा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, विषय राहिले होते ते मागाहून काढले, मग वाळूजला ऑटो पार्टच्या एका कंपनीत कंत्राटी म्हणून मिग वेल्डिंगच्या लाईनवर. तिथं सहा-सात महिने झाले की ब्रेक, परत नवीन कंत्राटदार, परत तोच पगार. कंटाळला. कुणीतरी सांगितलं एनडीटी (म्हणजे माल न तोडता त्यातला दोष शोधायची तपासणी) कर, लई स्कोप आहे, तर पुण्याला जाऊन पंधरवड्याचा कोर्स केला. आणि आता एक कन्सल्टन्सी म्हणत होती दीड लाख भरा, आखातात पाईपलाईन इन्स्पेक्टर म्हणून पाठवतो, दोन महिन्यात व्हिसा. आई-वडील दोघं ऊसतोडीला जाणारे. मग दीड लाख आणायचे कुठून, तर मुकादमाकडून जादा उचल. म्हणजे पोरगा साहेब होणार म्हणून आईबापाचा कोयता पुढच्या हंगामापर्यंत नाही, त्याच्याही पुढच्या हंगामापर्यंत आत्ताच बांधून टाकायचा.

वडील बरोबर आले होते. आणि एक चुलतभाऊ, तो फक्त गाडी चालवायला म्हणून आलेला, दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि पहिला अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

वडील म्हणले, "ताई, आमाला कळत नाही यातलं. पोरगं म्हणतंय एकदा भरलं की साहेब होतंय. तुमी हो म्हणा नायतर नगं म्हणा, मुकादम उद्या येणारंय."

असं उद्यावर आलेलं असलं की मी आधी ते उद्या काढून टाकते. म्हणलं मुकादमाला आठ दिवस थांबवा, नोकरी खरी असली तर आठ दिवसांत कुठं जात नाही, आणि आठ दिवसांत जाणारी नोकरी असली तर ती नोकरी नव्हतीच.

मग फोल्डर उघडला. आरटी म्हणजे एक्स-रेसारखी किरणं, यूटी म्हणजे अल्ट्रासाउंड, एमटी म्हणजे चुंबक आणि पावडर, पीटी म्हणजे भेगेत शिरणारा रंग, व्हीटी म्हणजे नुसता डोळा, अशा तपासणीच्या पाच मेथडची पाच सर्टिफिकेटं, सगळ्यांवर लेव्हल टू, एएसएनटी या अमेरिकन संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए या मार्गदर्शिकेप्रमाणं, खाली सोनेरी शिक्का. मी विचारलं हे तुला कुणी दिलं? म्हणे इन्स्टिट्यूटनं. तू तिथं नोकरीला होतास? नाही. आता ही गोष्ट पोरांना कुणी सांगतच नाही. एसएनटी-टीसी-१ए ही पद्धतच मुळात मालकानं आपल्या कामगाराला सर्टिफाय करायची आहे. कंपनीची स्वतःची लेखी कार्यपद्धती असते, वर्ग किती तास, प्रत्यक्ष काम किती तास, परीक्षा कोण घेणार, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि लेव्हल टूला एकेका मेथडमध्ये शेकडो तास हातानं काम केल्याची नोंद लागते. नोकरी बदलली की नवीन मालकानं पुन्हा सर्टिफाय करायचं. मग पंधरा दिवसांत पाच मेथडचे एवढे तास कुठून आले? पोरगा म्हणला, "मॅडम, फॉर्मवर त्यांनीच भरले."

म्हणजे कोर्स अगदीच वाया गेला असं नाही, पुस्तकी भाग त्याला बरा येत होता. पण त्या कागदाची किंमत वर्गात बसल्याच्या दाखल्याएवढी. आणि एक सांगते, पाईपलाईनवर एनडीटीचा माणूस किंवा इन्स्पेक्टर ठेवायचा तर त्याचा बायोडेटा आणि सर्टिफिकेटं तेल कंपनीच्या नाहीतर तिनं नेमलेल्या सल्लागाराच्या माणसाकडं मंजुरीला जातात, बऱ्याचदा समोर बसवून विचारतात. तिथं खोटे तास, खोटा अनुभव उघडा पडतो, आणि पडला की त्या साईटवरून तर जातोच पण हे क्षेत्र लहान आहे, नाव फिरतं.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, आयटीआय वेल्डर, आता पाईपलाईनवर वेल्डिंग फोरमन. लाईनचं कुणी आलं की मी त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवते, कारण माझ्या सांगण्यापेक्षा त्याचं सांगणं पोरांना पटतं. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "६०१० चा रॉड ओव्हनमध्ये ठेवशील का?" पोरगा म्हणला हो, रॉड ओव्हनमध्येच ठेवतात. दाराजवळचा चुलतभाऊ पहिल्यांदा बोलला, हळूच, "७०१८ ठेवतेत. ६०१० नाय ठेवत."

बरोबर होतं त्याचं. ७०१८ हा लो हायड्रोजन रॉड, त्याला ओल लागली की वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि नंतर तडे जातात, म्हणून तो गरम ओव्हनमध्ये. ६०१० सेल्युलोजिक, त्याच्या कोटिंगमध्ये थोडी ओल लागतेच, ती ओव्हनमध्ये वाळवली तर आर्कचा जोर जातो आणि रूट, म्हणजे जॉईंटचा सगळ्यात आतला पहिला थर, नीट आत उतरत नाही. इन्स्पेक्टरला हे माहीत पाहिजे, कारण उद्या साईटवर त्यानंच बघायचंय कुठला डबा कुठं ठेवलाय. फोरमननं विचारलं हा कोण बोलला? मग कळलं की चुलतभाऊ आयटीआय वेल्डर आहे, साखर कारखान्यात हंगामी, ऑफ सीझनला बॉयलरच्या ट्यूबा आणि पाईपिंगचं काम करतो, हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. आणि घरात सगळ्यांचं म्हणणं असं की हा काय, वेल्डर आहे, डिप्लोमावाल्याचं आधी बघू.

तिथंच केस फिरली खरं तर. एकाच्या नोकरीसाठी आले होते आणि माझ्यासमोर दोन वाटा बसलेल्या होत्या, हाताची एक आणि डोळ्याची एक. लोक पाईपलाईनचं काम असं सरसकट म्हणतात पण वेल्डरची वाट वेगळी, इन्स्पेक्शनची वेगळी, दोन्हीकडं शिरायचं दार खालीच आहे, वरचं दार पैशानं उघडतं असं सांगणारा फक्त एजंट असतो.

आधी वेल्डरचं सांगते कारण ते सरळ आहे. लाईनवर वेल्डरला सर्टिफिकेट कमी विचारतात, टेस्ट घेतात. कितीही अनुभव असू दे, नवीन प्रोजेक्ट म्हणलं की नवीन टेस्ट, त्याच प्रोजेक्टच्या पाईपवर, त्याच वेल्डिंग प्रोसिजरप्रमाणं. बहुतेक लाईनवर नियम एपीआय ११०४ या अमेरिकन कोडचे. पाईप एकतर आडवा बांधतात, त्याला ५जी म्हणतात, नाहीतर ४५ अंशात तिरका, तो ६जी. पाईप फिरवायचा नाही, माणसानं पाईपभोवती फिरायचं, वर उभं राहून, बाजूला वाकून, खाली आडवं पडून. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे कारखान्यातला पोरगा खालून वर चढत वेल्ड करायला शिकलेला असतो, आणि पाईपलाईनवर सेल्युलोजिक रॉडनं वरून खाली उतरत जायचं असतं, घड्याळाच्या बारापासून सहापर्यंत, एका बाजूनं एक वेल्डर आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा. आधी रूट. मग ग्राइंडर मारून लगेच दुसरा थर, त्याला हॉट पास म्हणतात, प्रोसिजरमध्ये दिलेल्या मिनिटांच्या आत, कारण रूट तशीच थंड होत पडली तर तडा जायची भीती. मग मधले भरायचे थर, ते फिलर, मग सगळ्यात वरचा थर, ती कॅप. फोरमन म्हणायचा कारखान्यातला चांगला वेल्डरसुद्धा इथं पहिल्या दिवशी अडखळतो, हात वर जायला बघतो आणि काम खाली बोलावतं.

टेस्टचा जॉईंट डोळ्यानं बघतात, मग एक्स-रे काढतात नाहीतर त्याच्या पट्ट्या कापून ओढून, वाकवून, खाच मारून तोडून बघतात. आत काय झालंय ते तुटल्यावर दिसतं, तिथं ओळख, जात, गाव, आमदाराची चिठ्ठी काही चालत नाही. मला या क्षेत्रातलं हेच आवडतं. पास झाला की वेल्डरला नंबर मिळतो, तो नंबर त्याच्या प्रत्येक जॉईंटजवळ पाईपवर लिहिला जातो, आणि कुणाचे रिपेअर किती निघतात हे रोज संध्याकाळी सगळ्यांना कळतं.

बरं, सगळे वेल्डर रूट मारत नाहीत. पुढं रूट आणि हॉट पासवाले, मागं फिलर-कॅपवाले. रूटवाल्याला जास्त पैसे आणि जास्त टेन्शन. नवीन पोरानं फिलर-कॅपमध्ये शिरायचं बघावं. त्याच्याही खाली ग्राइंडरमन, फिटर, हेल्पर. पाईप साधारण १२ मीटरचा असतो, म्हणजे एका किलोमीटरला ८० च्या वर जॉईंट, आणि प्रत्येक जॉईंटला ग्राइंडर लागतोच. मोठ्या व्यासाच्या लाईनवर आता सेमी-ऑटोमॅटिक, वायर फीडरवालं कामही चालतं, त्यामुळं मी डिप्लोमावाल्यालाही म्हणलं की तुझं वाळूजचं मिगचं काम अगदीच परकं नाही. पण त्याला वेल्डिंग नको होतं. अंग काळं होतं म्हणाला. ठीक आहे, सगळ्यांनी तेच करावं असं थोडीच आहे.

मग त्याची वाट. पाईपलाईनवर वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणजे नुसता जॉईंट बघून मान हलवणारा माणूस नाही. पाईप नंबर, हीट नंबर (पोलादाच्या घाणीचा नंबर), जॉईंट नंबर, वेल्डर नंबर हे सगळं जुळवून ठेवायचं, दोन पाईपची तोंडं जुळलीत का, फट किती, प्रीहीट झाली का, वारा सुटलाय तर आडोसा केलाय का, करंट किती, मग आरटीचा किंवा यूटीचा रिपोर्ट, रिपेअर, परत रिपोर्ट, मग जॉईंट कोटिंग, हॉलिडे टेस्ट म्हणजे कोटिंगला कुठं बारीक भोक तर नाही ना ते बघणं, मग खंदकात उतरवणं, शेवटी पाणी भरून हायड्रोटेस्ट. सीएसडब्ल्यूआयपी ३.१ किंवा एडब्ल्यूएसची सीडब्ल्यूआय अशी वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या सर्टिफिकेटांची नावं तुम्ही ऐकली असतील, ती खरोखर चालतात, पण त्यांच्या परीक्षेला बसायलाच आधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून नुसता कोर्स करून थेट इन्स्पेक्टर होत नाही. शिरायचं असतं एनडीटी एजन्सीत ट्रेनी नाहीतर असिस्टंट म्हणून, किंवा पाईपलाईन टाकणाऱ्या कंत्राटदाराकडं क्यूसीत, म्हणजे दर्जा बघणाऱ्या खात्यात, कागद सांभाळायला. जॉईंटचा हिशेब ठेवणारा पोरगा सहा महिन्यात जेवढं शिकतो तेवढं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

हे ऐकल्यावर तो गप्प झाला. मी वडिलांना आणि भावाला चहाला बाहेर पाठवलं. मग म्हणला, "मॅडम, डिप्लोमा करून असिस्टंट? गावात सगळ्यांना सांगितलंय मी फॉरेनला चाललोय." हे खरं दुखणं. दीड लाख नोकरीचे नव्हते, गावात सांगून बसला होता त्या शब्दाचे होते. असं असलं की मी उपदेश करत नाही, मी त्यालाच विचारते की गावात कुणाकुणाला सांगितलंस, नावं घे. नावं घेता घेता चौघांवर अडकला. त्यातला एक तर त्याचाच मित्र, तोही कुठल्यातरी एजंटकडं पैसे अडकवून बसलेला. म्हणलं या चौघांसाठी आईच्या डोक्यावर मोळी किती दिवस राहणार याचा हिशेब तूच कर. रडला थोडं. रडू दिलं.

एजंटाचं काय करायचं तेही सांगून टाकते. परदेशात कामाला पाठवायला भरती एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी केलेला लागतो, ईमायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासता येतं, फुकट. आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची परवानगी नाही, पावती द्यावीच लागते. या कन्सल्टन्सीचं नाव आम्ही तिथंच मोबाईलवर शोधलं, नव्हतं. व्हिसा कुठला म्हणून त्याला फोन करायला लावला तर तिकडून उत्तर आलं, आधी व्हिजिटवर जायचं, तिथं गेल्यावर बदलून देतो. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणारा माणूस दिसला की फोन ठेवून द्यायचा, पुढं काही विचारायचंच नाही. वडील तेवढ्यात आत आले होते, त्यांनी एक वाक्य टाकलं ते मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलंय, "मुकादम तरी आधी पैशे देतो आन मग राबवून घेतो, ह्यो तर आधी पैशेच घेतोय."

आता काम शोधायचं कुठं. पहिली गोष्ट, आपल्याकडं बसून जाहिरातीची वाट बघू नका. मराठवाड्यात येणारं बरंचसं पेट्रोल-डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरनं येतं, आणि तिथपर्यंत मुंबईहून पाईपलाईननं, हे शेजारी असून पोरांना माहीत नसतं. गेलची मुंबई-नागपूर गॅस लाईन समृद्धीच्या कडेनं टाकली, ती आपल्या जालना-संभाजीनगर पट्ट्यातूनच गेली. ती गॅसची, पण वेल्डरचं काम तेच. देशात कुठं कुठल्या लाईनला परवानगी मिळाली ती यादी पीएनजीआरबी या पेट्रोलियम-गॅसच्या नियामक मंडळाच्या वेबसाईटवर असते. कांडला-गोरखपूर एलपीजी लाईन, पारादीपहून नुमालीगडला जाणारी कच्च्या तेलाची लाईन, असली हजार किलोमीटरच्या वरची कामं तुकड्या तुकड्यानं वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिली जातात. तेल कंपनी स्वतः वेल्डर ठेवत नाही. वेल्डर ठेवतो लाईन टाकणारा कंत्राटदार, कल्पतरू, लिखिता, कॉरटेक अशी नावं आहेत, आणि त्यांच्या खाली सबकॉन्ट्रॅक्टर, आणि त्याच्या खाली गँग. इन्स्पेक्टर आणि एनडीटीवाले येतात सल्लागार कंपन्या, थर्ड पार्टी एजन्सी आणि एनडीटी एजन्सीकडून. म्हणून आधी कुठल्या तुकड्याचं काम कुणाला मिळालंय ते शोधायचं, मग त्या कंपनीच्या साईट ऑफिसचा एचआर नाहीतर क्यूसी इनचार्ज. निम्म्या जागा तर गँगमधल्या माणसाच्या शब्दावर भरतात, तर असा एक माणूस ओळखीचा असला की दहा कन्सल्टन्सी झक मारतात.

आणि हो, आमच्या रानातून लाईन गेलीय मग पोराला नोकरी द्यावीच लागेल, असं म्हणणारेही येतात. नाही लागत. पाईपलाईनच्या १९६२ च्या कायद्यानं कंपनीनं जमीन विकत घेतलेली नसते, वापराचा हक्क घेतलेला असतो, सातबारा तुमचाच, पिकाचं नुकसान आणि बाजारभावाच्या १० टक्के एवढी भरपाई, नोकरीचा त्यात संबंध नाही.

सुरुवात एकदम लाईनवर झाली नाही तरी चालतं. शहरातल्या गॅस लाईनची कामं, शेंद्रा-वाळूजची फॅब्रिकेशनची शॉपं, रिफायनरीचं शटडाऊन, इथं पाईपची सवय होते. वेल्डरला हात सुधारायचाच असेल तर तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथं वेल्डरसाठी कोर्स होतात, खर्च करायचाच तर असल्या ठिकाणी करा. आणि कुठंही लागलात तरी हेल्पर म्हणून का होईना, यूएएन नंबर, पीएफ, आणि सोडताना अनुभवपत्र हे तिन्ही पाहिजेच. खरा अनुभव असून कागद नाही म्हणून रडणारी पोरं मी फार बघितलीत.

आठ दिवसांनी आई आली, एकटी, एसटीनं. तिची काळजी वेगळीच होती. कुणीतरी सांगितलं होतं की त्या एक्स-रेच्या कामानं लेकरं होत नाहीत. "ताई, एकुलतं एक हाय." हा प्रश्न पोरं विचारत नाहीत, लाजतात, पण मनात असतो. तिला सांगितलं ते असं. लाईनवर रेडिओग्राफीला बऱ्याचदा इरिडियम-१९२ वापरतात, तो धोकादायक आहे यात शंका नाही, म्हणूनच एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम कडक आहेत. त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला सर्टिफाईड रेडिओग्राफर लागतो, खासगी इन्स्टिट्यूटचं आरटी लेव्हल टू त्याच्या जागी चालत नाही. छातीला टीएलडी बॅज, म्हणजे किती किरणं लागली ते नोंदणारा, लावायचा, तो ठराविक काळानं तपासायला जातो. किरणांचा डोस वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत मिळून १०० आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. अंतर ठेवणं, वेळ कमी लावणं, दोरी बांधून माणसं लांब ठेवणं, हे पाळलं तर माणूस आयुष्यभर हे काम करून नीट राहतो. न पाळणारा कंत्राटदार असतो, बॅज कपाटात आणि हेल्परला म्हणतो जरा कॅमेरा, म्हणजे ती इरिडियमची पेटी, उचल. तिथं पोरानं नाही म्हणायचं आणि वेळ पडली तर बॅग उचलून घरी यायचं, आणि घरी आल्यावर तुम्ही त्याला का आलास म्हणून बोलायचं नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं. शिवाय एनडीटीत आरटी एकटंच नाही, पीटी, एमटी, यूटीला रेडिएशनचा संबंध नाही, मोठ्या लाईनवर आता ऑटोमॅटिक यूटीही वाढलंय. तिनं शांतपणे ऐकलं, मग म्हणाली मंग त्याला त्या बिनकिरणाच्यातच घाला.

उचल एजंटासाठी घेतली नाही. नेहमीची घेतली आणि नेहमीसारखे तोडीला गेले, तेवढं काही माझ्या हातात नाही.

चुलतभाऊ कारखाना बंद व्हायची वाट न बघता निघाला. फोरमनच्या ओळखीनं गुजरातमधल्या एका साईटवर टेस्टला उभा राहिला, आणि पहिल्या टेस्टला नापास. खालच्या बाजूला, बरोबर सहाच्या ठिकाणी, रूट आतल्या अंगानं खोल गेली होती, उताणं पडून मारताना नव्या हाताचं हे फार होतं. पण त्यांनी परत पाठवला नाही, ग्राइंडरवर ठेवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत पाईपच्या तुकड्यांवर हात मारायचा, फोरमन येता-जाता बघायचा. पुढच्या टेस्टला फिलर-कॅपला पास झाला. पावसाळ्यात लाईनचं काम ढेपाळतं, काळ्या रानात तर पाईप उचलणारा साईडबूम जागचा हलत नाही, तेव्हा घरी आला होता, पेढे घेऊन. पायात सेफ्टी बूट तेच, गावातसुद्धा तेच घालून फिरतो म्हणे.

डिप्लोमावाला लगेच वळला नाही. मधले काही महिने फोनही नव्हता. मग एक दिवस स्वतःच आला, म्हणला चाकणच्या बाजूला एका एनडीटी एजन्सीत ट्रेनी म्हणून घेतायत, पगार वाळूजपेक्षा कमी आहे, जाऊ का? मी म्हणलं पगाराचं नंतर, आधी विचार की कामाच्या तासांची नोंद वही ते ठेवतात का आणि त्यावर लेव्हल टूवाल्याची सही मिळते का. मिळते म्हणाले. गेला. पीटी आणि एमटीनं सुरुवात झाली, प्रेशर व्हेसलच्या वेल्डवर पावडर मारत बसायचं, कंटाळा येतो असं आजही म्हणतो. यूटीचे तास चालू आहेत. पाईपलाईनवर अजून गेलेला नाही, पण आता एसएनटी-टीसी-१ए मध्ये काय लिहिलंय ते तो मला समजावून सांगतो, आणि जुनी पाच सर्टिफिकेटं बायोडेटातून त्यानं आपणहून काढली.

जाता जाता दोन प्रश्न, कारण ते विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. वय तीस झालं, उशीर झाला का? वेल्डरला नाही, टेस्ट वय बघत नाही, फक्त उताणं पडून वेल्ड मारायची कंबर पाहिजे. चष्मा आहे, चालेल का? चष्मा चालतो, पण एनडीटीला जवळचं बारीक अक्षर वाचता यायला लागतं आणि रंगातला फरक कळावा लागतो, ही तपासणी होते. म्हणून कोर्सची फी भरायच्या आधी गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरकडून दोन्ही बघून घ्या, बऱ्याच जणांना आपल्याला रंगाचा दोष आहे हे फी भरल्यावर कळतं.

चुलतभावाचं आता सोयरिकीचं चाललंय. मुलीच्या वडिलांनी कुठून तरी माझा नंबर काढून फोन केला, मॅडम, पोराची नोकरी परमनंट आहे का? म्हणलं नाही. प्रोजेक्ट संपलं की दुसरं, वर्षातले चार-सहा महिने घरापासून लांब, पण पीएफचं पासबुक मागून बघा, त्यात कुठल्या कुठल्या महिन्यात पैसे जमा झालेत ते दिसतं. ते म्हणले पासबुकचं आम्हाला कळत नाही, जमीन किती? जमीन दीड एकर, कोरडवाहू. बघतो म्हणले.